जुना जपानी ड्रम सेट घेण्यापूर्वी काय तपासावे

जपानी बनावटीचा जुना ड्रम सेट म्हणून बाजारात निदान तीन निरनिराळ्या प्रतींची वाद्ये विकली जातात, आणि खरेदीतली बहुतेक फसगत या तिन्हींना एकाच मापाने मोजल्यामुळे होते. विक्रेता 'व्हिंटेज' आणि 'मेड इन जपान' हे शब्द ठळक लिहितो आणि घेणारा त्या शब्दांवर विसंबून किंमत मान्य करतो. माझे म्हणणे असे आहे की ड्रमवरचे नाव आत कोणते शेल असायला हवे एवढेच सांगते. किंमत ठरवायची ती त्या शेलच्या आजच्या अवस्थेवरून आणि सेट पुन्हा पूर्णपणे वाजता करण्यासाठी येणाऱ्या खर्चावरून. शेल म्हणजे ड्रमचा लाकडी गोल. तबल्याच्या बाबतीत आपण खोड म्हणतो तोच हा भाग, आणि तबल्याप्रमाणेच इथेही बाकी सारे बदलता येते, हा भाग मात्र बदलता येत नाही.

कोणत्या प्रतीचा सेट समोर आहे

९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स अमेरिकन दूरचित्रवाणीवर एड सलिव्हनच्या कार्यक्रमात वाजवताना दिसले आणि त्यानंतर अमेरिकेत ड्रम सेटची मागणी इतकी वाढली की लडविगसारख्या तिथल्या कारखान्यांना ती पुरी करणे जड जाऊ लागले. ज्या मुलांना अमेरिकन सेट परवडत नव्हता त्यांच्यासाठी आयातदारांनी जपानमधून स्वस्त सेट मागवले आणि त्यांवर स्वतःला हवी ती नावे लावून घेतली. अपोलो, स्ट्युअर्ट, झिम-गार, रॉयस, नॉर्मा ही त्यांपैकी काही नावे. एकाच कारखान्यातून निघालेले ड्रम वेगवेगळ्या नावांनी विकले गेल्यामुळे या सेटना जाणकार 'स्टेन्सिल' सेट म्हणतात. त्यांवरच्या बिल्ल्याला स्वतंत्र मोल नाही, कारण तो बिल्ला कारखान्याचा नसून दुकानदाराचा असतो. शेल बहुधा लाउआन या फिलिपिनी लाकडाच्या पातळ प्लायचे असते. जपान त्या काळी हे लाकूड मोठ्या प्रमाणावर आयात करत असे आणि व्यापारात त्याला 'फिलिपिन महोगनी' असे भारदस्त नाव होते. विक्रेत्याच्या जाहिरातीत नुसते 'महोगनी' लिहिलेले असेल तर ते बहुधा हेच लाकूड समजावे.

दुसरी प्रत म्हणजे साधारण १९७० च्या दशकाच्या मध्यापासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जपानी कंपन्यांनी व्यावसायिक वादकांसाठी स्वतःच्या नावाने बनवलेले सेट. पर्ल कंपनीची सुरुवात १९४६ मध्ये टोकियोत कात्सुमी यानागिसावा यांनी स्वरलिपीचे स्टँड बनवण्यापासून केली, १९५० च्या सुमारास ती ड्रमकडे वळली आणि १९६६ मध्ये 'प्रेसिडेंट' ही व्यावसायिक श्रेणी तिने आणली. नागोयाची होशिनो गाक्की ही कंपनी १९६० च्या दशकात 'स्टार' नावाने ड्रम बनवत असे. १९७४ मध्ये तिने 'तामा' हे नाव घेतले. यामाहाचे ड्रम १९६७ पासून निघू लागले, आणि तिच्या गाजलेल्या ड्रमची शेल ओसाकाच्या साकाए या जुन्या कारखान्यात तयार होत. तामा सुपरस्टारची बर्च लाकडाची सहा पदरी शेल, तामा इम्पीरियलस्टारची फिलिपिन महोगनीची नऊ पदरी जाड शेल आणि यामाहाच्या ९००० मालिकेची, म्हणजे पुढे 'रेकॉर्डिंग कस्टम' म्हणून ओळखल्या गेलेल्या सेटची, बर्चची शेल ही या काळातली खरी कमाई आहे. ड्रमवादक स्टीव्ह गॅड यामाहावर आणि स्टुअर्ट कोपलँड तामावर वाजवत होते ते याच वर्षांत. जाहिरातदारांनी वादकाला वाद्य नुसते दिले म्हणून हे घडले नाही. ही वाद्ये स्टुडिओच्या माइकसमोर खरोखर उत्तम वाजत होती आणि आजही वाजतात.

तिसरी प्रत सर्वांत जास्त गोंधळात टाकते. त्याच नामवंत कंपन्यांनी नवशिक्यांसाठी काढलेल्या श्रेणी, जसे तामाचा स्विंगस्टार किंवा १९८२ मध्ये आलेला पर्लचा एक्सपोर्ट, बिल्ला तोच असल्यामुळे व्यावसायिक सेटच्या भावात खपवल्या जातात. शिवाय १९८० च्या दशकात, विशेषतः १९८५ नंतर येन महाग झाल्यावर, जपानी कंपन्यांचे पुष्कळ उत्पादन तैवानला गेले. त्यामुळे जपानी नावाचा प्रत्येक जुना ड्रम जपानमध्येच बनला आहे असे समजू नये. हे सेट टाकाऊ आहेत असे मी म्हणत नाही; एक्सपोर्टने जगभरातल्या कितीतरी वादकांना पहिला भरवशाचा सेट दिला. पण ते लाखोंच्या संख्येने निघालेले, शिकण्याचे वाद्य आहे आणि त्याची किंमत त्याच हिशोबात राहिली पाहिजे.

प्रत ओळखण्यासाठी बिल्ल्यापेक्षा आतली बाजू अधिक खरे बोलते. इम्पीरियलस्टारच्या शेलला आतून करड्या ठिपक्यांचा खरखरीत रंग दिलेला असतो. बर्चच्या सुपरस्टारचे लाकूड आतून स्वच्छ दिसते. सत्तरच्या दशकातल्या पर्लच्या काही शेलना आतून फायबरग्लासचे अस्तर असते. स्टेन्सिल सेटची शेल पातळ असून तिच्या दोन्ही काठांना आतून लाकडी कडी चिकटवलेली आढळते. लगची, म्हणजे ड्रमच्या वाजवायच्या पडद्याचा ताण धरणाऱ्या, शेलवर बसवलेल्या धातूच्या तुकड्यांची, संख्या मोजणे हीदेखील सोपी कसोटी आहे. चौदा इंची स्नेअरला, म्हणजे खालून तारा लावलेल्या ड्रमला, दहा लग असणे हे व्यावसायिक दर्जाचे लक्षण मानले जाते, तर स्वस्त स्नेअरला आठ किंवा सहा लग असतात, आणि सोळा इंची फ्लोअर टॉमला, म्हणजे तीन पायांवर जमिनीवर उभ्या राहणाऱ्या ड्रमला, आठऐवजी सहा लग असतील तर तो खालच्या श्रेणीचा समजण्यास हरकत नाही. ही कसोटी अचूक नसली तरी पहिल्या मिनिटात दिशा देते.

शेलची तपासणी

ज्या विक्रेत्याला स्किन, म्हणजे ड्रमवर ताणलेला वाजवायचा पडदा, काढून दाखवणे मान्य नाही त्याच्याकडून सेट घेऊ नये, हा माझा पक्का नियम आहे. प्रत्येक ड्रमची निदान एका बाजूची स्किन उतरल्याशिवाय शेलबद्दल कोणतेही मत बनवता येत नाही, आणि हे काम ड्रमच्या चावीने काही मिनिटांत होते. तपासायला जाताना चावी, मोजपट्टी, छोटी विजेरी आणि बारा किंवा चौदा इंची एक नवी स्किन बरोबर न्यावी. ती नवी स्किन का, हे पुढे येईलच.

प्रथम गोलाई. मोजपट्टीने शेलचा बाहेरचा व्यास चार दिशांनी मोजावा आणि आकडे लिहून घ्यावेत. चौदा इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, पण शेलचा प्रत्यक्ष बाहेरचा व्यास त्याहून दोन-तीन मिलिमीटर कमी असतो, कारण स्किनची कडी त्याभोवती मोकळेपणाने बसली पाहिजे. चार मापांमध्ये एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. चार-पाच मिलिमीटरचा फरक असेल तर शेल अंडाकृती झाली आहे, आणि ताण कितीही जुळवला तरी स्किनचा सूर एका जागी बसणार नाही. पातळ स्टेन्सिल शेल माळ्यावर जड सामानाखाली वर्षानुवर्षे आडवी पडून राहिली की हे हमखास घडते.

आता ती नवी स्किन त्याच मापाच्या शेलवर ठेवावी. ती स्वतःच्या वजनाने खाली बसली आणि बोटाने गरगर फिरली तर शेल ठीक आहे. दाबून बसवावी लागली, किंवा एका बाजूने बसली आणि दुसरीकडे अडकली, तर एकतर शेल वाकडी आहे किंवा तिच्यावरचे प्लास्टिकचे वेष्टन फुगले आहे. साठच्या दशकातल्या स्वस्त सेटमध्ये वेष्टन जाड असल्यामुळेही नव्या स्किन घट्ट बसतात. जुनी स्किन त्या शेलच्या आकारात रुळलेली असल्यामुळे तिच्यावरून हा दोष कधीच कळत नाही, म्हणून नवी स्किन न्यायची. मोजपट्टीपेक्षाही या एका परीक्षेवर माझा अधिक विश्वास आहे.

त्यानंतर काठ, म्हणजे ज्यावर स्किन टेकते तो भाग. शेल एखाद्या सपाट पृष्ठभागावर उपडी ठेवावी. आपल्याकडे स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा या कामाला चांगला, दुकानात काचेचे काउंटर चालते. खोली अंधारी करून आत विजेरी ठेवली की जिथे काठ दगडाला टेकत नाही तिथून प्रकाशाची रेघ बाहेर येते. कागद सरकेल इतकी बारीक फट एखाद्या ठिकाणी असली तर तिची चिंता करू नये. पोस्टकार्ड आत जाईल इतकी फट असेल तर काठ नव्याने कापून घ्यावा लागेल आणि तो खर्च किमतीतून वजा केला पाहिजे. हे काम ज्याने पूर्वी ड्रमचे काठ कापलेले आहेत अशाच कारागिराकडे द्यावे, कारण पातळ शेलमध्ये चूक सुधारायला लाकूडच उरत नाही. जुन्या ड्रमचे काठ आजच्यासारखे धारदार नसून बरेचदा गोलसर असतात. तो दोष नाही. त्या काळचा कोरडा, लवकर विरणारा, जाड आवाज त्या गोलाईतून येतो, आणि काठ 'आधुनिक' करून घेण्याच्या उत्साहात अनेकांनी चांगल्या ड्रमचा स्वभाव घालवला आहे याचे मला वाईट वाटते.

प्लायचे पदर सुटले आहेत का, हे डोळ्यांनी आणि कानांनी दोन्हींनी पाहावे. काठावर नखाने हलके चाचपत पदरांमधली फट शोधावी, शेलचा आतला सांधा पाहावा, कडीचा गोंद सुटला आहे का ते पाहावे. मग दोन्ही स्किन काढलेली शेल एका बोटावर टांगून मुडपलेल्या बोटाच्या पेराने ठोकावी. चांगली शेल एक स्पष्ट सूर देते. पदर सुटलेली शेल फुटक्या मडक्यासारखी बद्द वाजते किंवा फरफरते. काठापाशी सुटलेला लहानसा पदर गोंद भरून शिकंजात दाबून ठेवल्यास बसतो, परंतु सांध्याची सबंध उंची उघडली असेल तर सेट सोडून द्यावा.

लाउआनच्या शेलमध्ये आणखी एक शत्रू असतो. या लाकडाच्या कोवळ्या भागाला भुंग्याची कीड लागते, आणि तिची खूण म्हणजे टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रे व त्यांतून गळणारी मैद्यासारखी पिवळसर पूड. शेल पांढऱ्या कागदावर ठेवून हलके थोपटावी. कागदावर ताजी पूड पडली तर कीड जिवंत आहे. असा ड्रम इतर लाकडी वाद्यांच्या खोलीत आणूच नये. जुनी, रिकामी छिद्रे मोजकी असतील तर घाबरण्याचे कारण नाही.

वेष्टनाबद्दल थोडक्यात सांगता येईल. चमचमते किंवा मोत्यासारखे वेष्टन उन्हाने एका बाजूला पिवळे पडते, आकसते आणि सांध्यापाशी उचलले जाते. स्टेन्सिल सेटवर ते अनेकदा फक्त सांध्यापाशी चिकटवलेले असते, त्यामुळे ते सहज निघते आणि पुन्हा लावता येते. रंग गेला म्हणून आवाज बिघडत नाही. किंमत मात्र कमी करून मागावी. यामाहा ९००० आणि तामा सुपरस्टारसारख्या लाखेच्या सेटवर कुणी नवा रंग दिला असेल, तर तो कितीही सुबक असो, सेटचे संग्राहकीय मूल्य उतरते. नंतर पाडलेल्या भोकांचेही तसेच. शेलच्या आतून पाहिले की मूळ भोकाभोवतीचा रंग आणि नव्या भोकाचे उघडे लाकूड यांतला फरक लगेच दिसतो. एखादे जास्तीचे भोक आवाजाला मारक नसते, पण तीन-चार भोके असलेल्या बास ड्रमची, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची, किंमत अस्पर्श ड्रमइतकी कोणी मागत असेल तर ती देऊ नये.

धातूचे भाग

इथे माझी भूमिका थोडी वेगळी आहे. पुष्कळ जण गंज पाहून सेट नाकारतात आणि चकाकी पाहून घेतात, परंतु गंजाचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. क्रोमवरची तपकिरी धूळ बारीक स्टील वूल आणि थोड्या तेलाने निघून जाते. क्रोम खालून फुगून खड्डे पडले असतील, तर ते कधीच जात नाहीत. मुंबई, कोकण आणि गोव्यात ऑर्केस्ट्रा, बँड किंवा चर्चमधून विक्रीला येणाऱ्या सेटवर खाऱ्या हवेमुळे हे खड्डे बहुधा असतातच. ते दिसायला वाईट असले तरी रिम, म्हणजे स्किन दाबून धरणारी कडी, सरळ आणि आटे शाबूत असतील तर वाजवण्याच्या दृष्टीने काही बिघडत नाही, आणि किंमत पाडण्यासाठी हे चांगले कारण मिळते.

खरा धोका लगमध्ये असतो. हे लग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. जास्त ताणले की स्क्रूच्या भोकाभोवती त्यांना तडा जातो, आणि तो तडा सांधता येत नाही. प्रत्येक लगवर विजेरी धरून पाहावे. पर्ल, तामा, यामाहाचे जुने लग शोधले तर मिळतात. स्टेन्सिल सेटचा लग मिळवण्यासाठी दुसरा स्टेन्सिल सेटच मोडावा लागतो. ड्रम वाजवल्यावर आतून किणकिण ऐकू आली तर ती बहुधा लगच्या आतल्या स्प्रिंगची असते, कारण तिच्याभोवतीचे फेल्ट झडून गेलेले असते. लग उघडून आत थोडा कापूस भरला की काम होते. या आवाजाला घाबरून कुणी चांगला सेट सोडू नये.

प्रत्येक टेन्शन रॉड, म्हणजे लगमध्ये फिरून स्किन ताणणारा लांब स्क्रू, हाताने फिरवून पाहावा. बहुतेक ड्रमचे रॉड इंची मापाच्या आट्यांचे असतात आणि ते साध्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत, म्हणून त्यांची मोजणी आधीच करावी. एका बास ड्रमला सोळा ते वीस रॉड लागतात, म्हणजे चार रॉड कमी असणे ही किरकोळ गोष्ट वाटली तरी जुळणारा नमुना शोधण्यात वेळ जातो. नवा प्रमाणित रॉड त्या लगमध्ये दोन-तीन फेरे सहज जातो का, हेही पाहावे. जात नसेल तर आटे वेगळे आहेत आणि प्रत्येक हरवलेला रॉड डोकेदुखी ठरणार आहे. स्टँडवरच्या पाखरी नटांची स्थिती याच्या उलट आहे. ते बहुधा मेट्रिक मापाचे असतात आणि आपल्या गल्लीतल्या दुकानातही मिळतात.

रिम दगडावर सपाट ठेवून ती डुलते का ते बघावे. बास ड्रमच्या लाकडी कड्या पेडलच्या पकडीखाली चिरडलेल्या किंवा पिळलेल्या असू शकतात. चिरडलेली कडी चालेल, पिळलेली नको.

सर्वांत जास्त हरवणारा भाग म्हणजे टॉम, म्हणजे बास ड्रमवर बसवायचे छोटे ड्रम, धरणारी यंत्रणा. पर्लच्या जुन्या सेटमध्ये जाड नळी थेट शेलच्या आत जाते, यामाहात षटकोनी दांडी आणि तिच्या मुळाशी राळेचा गोळा असतो, तामाची दांडी आणखी वेगळी. एकाचा भाग दुसऱ्याला लागत नाही. यामाहाच्या गोळ्याला तडा गेला आहे का, हे पकड सैल करून पाहावे. स्टेन्सिल सेटची मूळ पकड असली तरी टॉमचे वजन पेलत नाही, वाजवता वाजवता खाली घसरते. अशा वेळी टॉम सरळ स्नेअरच्या स्टँडवर ठेवून वाजवणे हा सोपा आणि शेलला न दुखावणारा उपाय आहे. नव्या पकडीसाठी जुन्या शेलला भोके पाडण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

स्नेअरकडे वेगळे लक्ष द्यावे. सत्तरच्या दशकात पर्ल ज्युपिटर आणि तामा किंग-बीट यांसारख्या स्नेअरना समांतर यंत्रणा होती, ज्यात तारा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी उचलल्या जातात. यंत्रणा चालत असली तर तिचा स्पर्श फार नाजूक आणि सुखद असतो. पण तिच्या तारा शेलच्या बाहेरपर्यंत लांब असतात, नेहमीच्या चौदा इंची तारा तिथे बसत नाहीत आणि योग्य तारा सहज मिळत नाहीत. म्हणून अशी स्नेअर घेताना खटका दहा-बारा वेळा चालवून पाहावा, प्रत्येक तार सरळ आहे का ते बघावे, आणि तारा गहाळ असतील तर स्नेअरची किंमत शून्य धरून बाकी सेटचा विचार करावा.

जपानमधून मागवायचा असल्यास

टोकियोच्या ओचानोमिझु भागात वाद्यांची दुकाने ओळीने आहेत, आणि हार्ड ऑफसारख्या जुन्या वस्तूंच्या साखळी दुकानांत गावोगावी ड्रम सापडतात. टोकियोत, विशेषतः निशिकासाई परिसरात, राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी कोणी ओळखीचे असेल तर त्यांना प्रत्यक्ष जाऊन वरची परीक्षा करायला सांगणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. जपानी विक्रेते दोषांचे वर्णन सहसा प्रामाणिकपणे लिहितात, पण 'जंक' असा शेरा असलेली वस्तू परत घेतली जात नाही, मग ती छायाचित्रात कितीही चांगली दिसो. लिलावावर बोली लावण्यापूर्वी काही छायाचित्रे मागावीत: आतून प्रकाश टाकलेली प्रत्येक शेल, काठ जवळून, सांधा, बिल्ला, आणि व्यासावर आडवी-उभी धरलेली मोजपट्टी. ही छायाचित्रे देण्यास टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजावे.

वाहतुकीचा हिशोब बोलीआधी करावा, कारण ड्रम हलके पण पोकळ असतात आणि विमानाने पाठवणाऱ्या कंपन्या वजनाऐवजी आकारमानाचे पैसे घेतात. सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून त्याला ५००० ने भागण्याची पद्धत रूढ आहे. बावीस इंची बास ड्रमचे खोके ६५ बाय ६५ बाय ४५ सेंटिमीटरचे धरले तर आकारमानी वजन सुमारे ३८ किलो येते, प्रत्यक्ष वजन त्याच्या अंशानेच असते. म्हणून विक्रेत्याला स्किन, रिम आणि गरज पडल्यास लगही काढून लहान शेल मोठ्या शेलच्या आत बसवण्याची विनंती करावी. पाच खोक्यांचे दोन होतात. जड स्टँड मागवू नयेत, ते इथे नवे घेतलेले स्वस्त पडतात. सीमाशुल्क किती लागेल हे मालवाहतूक करणाऱ्याकडून आधी लेखी घ्यावे.

किंमत कशी ठरवावी

एका कागदावर विक्रेत्याची किंमत लिहावी. तिच्याखाली सर्व ड्रमच्या वरच्या व खालच्या नव्या स्किन, स्नेअरच्या तारा, हरवलेले रॉड आणि लग, काठ कापण्याची मजुरी आणि वाहतूक असा खर्च मांडावा. स्किनचा खर्च लोक नेमका विसरतात. पाच ड्रमच्या सेटला दहा स्किन लागतात आणि स्वस्त स्टेन्सिल सेटच्या बाबतीत तेवढाच खर्च सेटच्या किमतीच्या बरोबरीने जाऊ शकतो. आलेली बेरीज आज मिळणाऱ्या मधल्या प्रतीच्या नव्या बर्च सेटच्या किमतीशी ताडून पाहावी.

रेकॉर्डिंग कस्टम किंवा सुपरस्टार, शेल गोल, काठ शाबूत, टॉमची यंत्रणा जागेवर, असा सेट असेल तर बेरीज नव्या सेटपेक्षा काहीशी वर गेली तरी तो घ्यावा, कारण असे वाद्य पुढे विकतानाही आपले मोल टिकवते आणि त्याच्या आवाजाला तडजोड लागत नाही. इम्पीरियलस्टार सहसा याहून कमी किमतीत मिळतो, आणि त्याची जाड शेल मंचावर दमदार वाजते. मात्र त्यातले अनेक टॉम एकतर्फी, म्हणजे खालची स्किन नसलेले, असतात. तसा आवाज हवा असेल तरच ते घ्यावेत. स्विंगस्टार आणि एक्सपोर्टला नव्या सेटच्या निम्म्याहून अधिक किंमत देण्याचे कारण मला दिसत नाही. स्टेन्सिल सेट बेरजेसह अगदी स्वस्त पडत असेल, शेल गोल असेल आणि तुम्हाला ब्रशने वाजवण्याजोगा मऊ, उबदार, छोट्या खोलीत शोभणारा आवाज हवा असेल तर तो आनंदाने घ्यावा. लाउआनची पातळ शेल आणि गोलसर काठ तो आवाज खरोखर देतात. दर आठवड्याला गाडीत चढवून कार्यक्रमाला न्यायचा सेट म्हणून मात्र तो घेऊ नये, कारण त्याचे पाय आणि पकडी तेवढी दगदग सोसत नाहीत.

सेटमधला एखादा ड्रम दुसऱ्याच सेटचा असणे ही नेहमीची गोष्ट आहे. सर्व ड्रमचे बिल्ले, आतला रंग, पदरांची संख्या आणि लगचा नमुना जुळतो का हे एकाशेजारी एक ठेवून पाहावे. वेगळा ड्रम चांगला वाजत असेल तर तो ठेवायला हरकत नाही, पण मग पूर्ण मूळ सेटचा भाव मान्य करू नये.

सौदा ठरल्यावर पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोरच सुटे भाग मोजावेत: रॉड, वॉशर, बास ड्रमच्या पकडी, फ्लोअर टॉमचे तिन्ही पाय, टॉमची दांडी, स्नेअरच्या तारा आणि त्या बांधण्याच्या पट्ट्या. प्रत्येक ड्रमचे भाग वेगळ्या पिशवीत घालून तिच्यावर त्या ड्रमचे माप लिहावे, आणि उतरवलेल्या शेल गाडीत आडव्या न रचता उभ्या ठेवून, दोन शेलमध्ये चादर घालून आणाव्यात.